बोल कोणाला लावायचा?

मराठीत ‘बोल’ या शब्दाचा एक अर्थ बोलणे असा आहे आणि दुसरा दोष असा. अमेरिकेत त्याचा तिसराच अर्थ होतो. तिकडे ‘बोल’ म्हणजे वाडगा. कॅलिफोर्नियातील पासाडेना गावी १९२२ साली वाडग्याच्या आकाराचे एक प्रचंड क्रीडांगण उभे राहिले, त्याला ‘रोझ बोल’ असे नाव पडले, आणि तिथे नववर्षाच्या दिवशी होणाऱ्या फुटबॉलच्या सामन्यालाही तेच नाव चिकटले. मग ऑरेंज बोल, शुगर बोल, कॉटन बोल असे एकामागून एक वाडगे मांडले गेले. आज त्यांची संख्या चाळिसाच्या घरात आहे. नाताळ आणि नवे वर्ष या सणासुदीच्या दिवसांत तिकडची कुटुंबेच्या कुटुंबे दूरदर्शनसंचासमोर बसून हे सामने पाहत असतात.

या ‘बोलां’च्या निमित्ताने एकवीस-बावीस वर्षांच्या पोरांना बोल लावण्याचा एक हंगामही गेली काही वर्षे तिकडे नेमाने सुरू होतो. त्याविषयी मला स्पष्टपणे बोलायचे आहे. मी पोरांच्या बाजूचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कोणाचा विरस व्हायला नको.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते पाहू. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंड्यासारखा लांबट चेंडू बगलेत मारून धावायचे, आणि समोरून येणाऱ्या शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या देहांनी तुम्हाला आडवे करायचे, असा हा खेळ आहे. विद्यापीठांचे संघ सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेर बारा सामने खेळतात. त्यांतले सहा जिंकले की बोल सामन्याचे निमंत्रण मिळण्याची पात्रता येते. विजेतेपद ठरवणारी स्पर्धा वेगळी असते. तीत २०२४ पासून बारा संघ घेतात. बाकीच्या बोल सामन्यांत जिंकले काय आणि हरले काय, पदरात पडतो तो एक चषक आणि एक प्रवास.

आता ज्याला पुढे धंदेवाईक संघात जायचे आहे त्या मुलाची गोष्ट घ्या. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय धंदेवाईक लीग त्याला दारात उभे करीत नाही. ती तीन वर्षे त्याने विद्यापीठाकडून खेळून काढायची. मग एप्रिल महिन्यात निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यात कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर त्याच्या पहिल्या चार वर्षांची कमाई ठरते, आणि ती जवळजवळ ठरीव दरानेच ठरते. पुढची धंदेवाईक कारकीर्द सरासरीने तीन-साडेतीन वर्षांची, असे खेळाडूंच्याच संघटनेचे म्हणणे आहे. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस या मुलाच्या एका बाजूला नुसता मानाचा सामना असतो, आणि दुसऱ्या बाजूला चार महिन्यांवर आलेले सारे आयुष्य असते.

डिसेंबर २०१६ मध्ये स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅककॅफ्री आणि लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट या दोघांनी जाहीर केले की आम्ही बोल सामना खेळणार नाही. झाले! जणू घरातला कुलदीपक लग्नाच्या मांडवातून पळाला. स्वार्थी, कृतघ्न, संघद्रोही अशी विशेषणे उधळली गेली. २०२२ च्या पहिल्याच दिवशी कर्क हर्बस्ट्रीट नावाच्या नामवंत समालोचकाने, जो स्वतः एके काळी ओहायो स्टेटकडून खेळला होता, दूरदर्शनवर असा अभिप्राय दिला की या पिढीचे फुटबॉलवर प्रेमच नाही. मागाहून त्याने सारवासारव केली, पण शब्द सुटला तो सुटलाच.

त्याच दिवशी रात्री शुगर बोल झाला. मिसिसिपीचा क्वार्टरबॅक मॅट कोरॅल, ज्याला घरी बसता आले असते, तो हौसेने खेळला. पहिल्याच सत्रात त्याचा घोटा दुखावला आणि तो कुबड्या घेऊन बाहेर आला. एप्रिलमध्ये त्याची निवड झाली ती तिसऱ्या फेरीत, चौऱ्याण्णवाव्या क्रमांकावर. ही घसरण केवळ घोट्यामुळे झाली असे मी म्हणणार नाही. परंतु प्रेमाची परीक्षा देऊन त्याला काय मिळाले, एवढे कोणी मला सांगावे.

जेलन स्मिथची हकीकत याहून विदारक आहे. नोटर डेम विद्यापीठाचा हा मुलगा २०१५ साली देशातला सर्वोत्कृष्ट लाइनबॅकर म्हणून गौरवला गेला होता. ड्राफ्टमध्ये तो पहिल्या पाचांत जाणार असे जाणकार म्हणत होते. १ जानेवारी २०१६ रोजी फिएस्टा बोलमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध खेळताना पहिल्याच सत्रात त्याच्या डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले. तेवढ्यावर भागले असते तर ठीक. पाऊल वर उचलणारी नसही दुखावली. वीस वर्षांच्या धावपटूला आपलेच पाऊल उचलता येईना. शेवटी त्याला डॅलसच्या संघाने घेतले ते चौतिसाव्या क्रमांकावर, आणि २०१६ चा सगळा हंगाम तो मैदानाबाहेर बसला.

याच सामन्यात पलीकडच्या बाजूला ओहायो स्टेटचा एझिकेल एलियट होता. त्याने त्या दिवशी चार टचडाउन केले. त्यालाही त्याच वर्षी त्याच डॅलसने घेतले, पण चौथ्या क्रमांकावर. एलियटचा चार वर्षांचा करार सुमारे अडीच कोटी डॉलरचा झाला आणि स्मिथचा साठ-पासष्ट लाखांचा. स्मिथचा विमा होता, आणि त्यापोटी सुमारे नऊ लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या आल्या. बाकीचे अंतर कोण भरून देणार? फिएस्टा बोलच्या चालकांनी भरून दिले नाही, आणि ज्यांच्या कंपनीचे नाव त्या सामन्याला होते त्यांनीही नाही.

इथे माझे विरोधक एक हुकमाचे पान टाकतात. ते म्हणतात, खुद्द स्मिथनेच सांगितले आहे की पुन्हा तो दिवस आला तरी मी खेळेनच. खरे आहे, तसे तो म्हणाला. पुढे तो जिद्दीने उभा राहिला, २०१९ साली त्याला मोठा करारही मिळाला. त्याच्या मनाच्या मोठेपणाला माझा नमस्कार आहे. परंतु स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलण्याचा अधिकार ज्याचा गुडघा त्यालाच असतो. एकाने आपले दान आनंदाने दिले म्हणून दुसऱ्याच्या घरी वसुलीला जाता येत नाही.

आणि फिएस्टा बोलच का आठवावा? तर २००३ च्या जानेवारीत याच बोलमध्ये मायामीच्या विलिस मगॅहीच्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध तुटले होते. तो सामना मात्र राष्ट्रीय विजेतेपदाचा होता, तेव्हा त्याने खेळायलाच हवे होते हे मलाही मान्य आहे. योगायोग असा की याच बोलचा मुख्य चालक जॉन जंकर याला २०११ साली संस्थेच्या पैशांच्या गैरव्यवहारावरून काढून टाकले, आणि कर्मचाऱ्यांकरवी बेकायदा राजकीय देणग्या दिल्याच्या प्रकरणी २०१४ साली आठ महिन्यांचा कारावास झाला. पोरांच्या गुडघ्यांवर कोणाची चूल पेटत होती ते यावरून दिसते. पोरांना स्वतःला काय मिळे? त्यांच्या संघटनेचा नियम असा की बोल सामन्याने खेळाडूला जास्तीत जास्त ५५० डॉलर किमतीच्या वस्तू भेट द्याव्यात. घड्याळ, टोपी, एखादी पिशवी. आपल्याकडे भाऊबीजेची ओवाळणीही यापेक्षा मनापासून घातली जाते.

परंपरेचे पावित्र्य भंगले, अशी दुसरी ओरड. या परंपरेकडे जरा जवळून पाहू. पासाडेनाच्या लोकांनी १८९० साली फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक सुरू केली ती आपल्या गावची हिवाळ्यातली उबदार हवा जगाला दाखवावी म्हणून. गिऱ्हाईक जमवण्यासाठी, हे उघड आहे. १९०२ साली तीत फुटबॉलचा सामना घातला. मिशिगनने स्टॅनफर्डवर एकोणपन्नास गुण चढवले, आणि काही मिनिटांचा खेळ बाकी असतानाच स्टॅनफर्डने पुरे म्हणून सांगितले. म्हणजे इतिहासातला पहिलाच बोल सामना पुरता खेळला गेला नाही! त्यानंतर चालकांनी फुटबॉलला रजा देऊन रथांच्या शर्यती लावल्या, आणि फुटबॉल परत आला तो १९१६ साली. ज्या स्टॅनफर्डने १९०२ साली संघासकट अंग काढून घेतले, त्याच स्टॅनफर्डच्या मॅककॅफ्रीने ११४ वर्षांनी एकट्याने तेच केले. मग परंपरा पाळली कोणी?

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. १९५० साली ओक्लाहोमाच्या संघाला वृत्तपत्रकारांच्या मतदानाने राष्ट्रीय विजेता ठरवले ते बोल सामन्यांच्या आधीच. मग १९५१ च्या नववर्षदिनी शुगर बोलमध्ये केंटकीने त्याला हरवले, तरी विजेतेपद ओक्लाहोमाकडेच राहिले. १९६५ चा अपवाद सोडला तर १९६७ पर्यंत हेच मतदान बोलपूर्वीच उरकून घेत. आणि बोल सामन्यात काढलेले गुण, धावलेले यार्ड हे खेळाडूच्या वर्षाच्या अधिकृत हिशेबात धरायला लागले ते थेट २००२ पासून. म्हणजे शंभर वर्षे वडीलधारी मंडळी स्वतःच सांगत आली की हा सामना मोजण्याजोगा नव्हे, ही नुसती सणाची करमणूक आहे. मुलांनी ते ऐकले आणि खरे मानले, एवढाच त्यांचा अपराध!

करमणूक म्हणजे तरी कसली, तेही ऐका. शार्लट शहरी मेयोनेज बनवणाऱ्या कंपनीच्या नावे एक बोल होतो. तिथे विजयी प्रशिक्षकाच्या डोक्यावर बादलीभर मेयोनेज ओततात. ऑरलँडोला पॉप-टार्ट्स नावाच्या गोड वड्यांचा बोल आहे. २०२३ साली तिथे वडीचा वेष घेतलेला एक नाचरा प्राणी प्रचंड टोस्टरमध्ये उतरला आणि खालून खरीखुरी भली मोठी वडी बाहेर आली, ती विजेत्यांनी खाल्ली. मी हे कुचेष्टेने सांगत नाही. सणाला थोडा आचरटपणा शोभतो, आपल्याकडेही शोभतो. पण मेयोनेजच्या बादलीसाठी उजवा गुडघा ओवाळून टाका, असे कोणी गंभीर चेहऱ्याने सांगू लागला म्हणजे मात्र हसू आवरत नाही. शिवाय यांतले डझनाहून अधिक सामने ज्या ईएसपीएन वाहिनीच्या मालकीचे आहेत, तिच्याच पडद्यावर बसून समालोचक निष्ठेचे पाठ देतात. दुकानदाराने गिऱ्हाइकाला धर्म शिकवावा तसे हे आहे.

आता प्रशिक्षकांकडे वळू. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस नोटर डेमचा ब्रायन केली हा संघाने बारापैकी अकरा सामने जिंकलेले असताना, पुढचा सामना बाकी असताना, लुइझियाना स्टेटकडे निघून गेला. दहा वर्षांचा करार, साडेनऊ कोटी डॉलरचा. त्याच आठवड्यात लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेला. त्याच्या संघाचाही बोल सामना शिल्लक होता. नाराजी व्यक्त झाली, नाही असे नाही. पण ‘यांचे फुटबॉलवर प्रेमच नाही’ असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानी आले नाही. त्यांच्या बाबतीत त्याला ‘संधी’ म्हणतात. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये लुइझियानाने केलीला काढले, तेव्हा करारापोटी त्याचे सुमारे पाच कोटी चाळीस लाख डॉलर देणे निघत होते. गुडघा फुटलेल्या मुलाला काढताना असे काही निघते का?

ओहायोतल्या माझ्या जावयाशी या विषयावर माझे जेवणाच्या टेबलावर वाजले आहे. तो तिथल्याच विद्यापीठाचा पदवीधर, त्यामुळे लाल-करडा अंगरखा घालूनच वादाला बसतो. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही जुन्या काळातलं बोलताय. आता या मुलांना पैसे मिळतात. पैसे घेतले की खेळायला नको?” हा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे, म्हणून त्यावर मी जरा थांबतो.

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने विद्यापीठांच्या संघटनेला चपराक दिली. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी विकून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाही वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटता येऊ लागली. तेव्हा पैसे मिळतात हे खरे. आणि करारात ‘बोल सामना खेळेन’ असे स्वच्छ लिहिले असेल, तर त्या मुलाने खेळावे किंवा तेवढे पैसे परत करावेत, यात माझा-जावयाचा मतभेद नाही.

पण तसे स्वच्छ लिहायला विद्यापीठे कचरतात. कारण तसे लिहिले की तो मुलगा नोकर ठरेल, आणि नोकर ठरला की त्याच्या दुखापतीची भरपाई गळ्यात पडेल. ही भीती आजची नाही. कोलोरॅडोत फोर्ट लुइस कॉलेजकडून खेळणारा रे डेनिसन १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराची नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, सबब भरपाई नाही. याच दशकात संघटनेचा प्रमुख वॉल्टर बायर्स याने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला, आणि तो अशाच दाव्यांपासून बचाव म्हणून केला हे त्याने म्हातारपणी आत्मवृत्तात सांगून टाकले. ज्याला मेल्यावरही नोकर म्हणायचे नाही, त्याच्याकडून जिवंतपणी नोकराचे इमान मागायचे, हा कोठला न्याय? जावयाने यावर पोळीचा तुकडा मोडला आणि मग हळूच दुसरे शस्त्र काढले, “आणि बरोबरची मुलं? त्यांचं काय?”

हा खरा प्रश्न. संघातल्या बहुसंख्य मुलांना धंदेवाईक भवितव्य नसते. त्यांच्या आयुष्यातला हा शेवटचाच सामना, आणि त्यात आपला सर्वांत चांगला गडी बाकावर नसून चक्क घरी, हे त्यांना लागत असेल. मला त्यांच्याविषयी कळवळा आहे. परंतु काय घडले ते पाहू. मॅककॅफ्रीवाचून स्टॅनफर्डने सन बोल जिंकला, २५ विरुद्ध २३. फोर्नेटवाचून लुइझियानाने लुइव्हिलला २९ विरुद्ध ९ असे लोळवले. २०२२ च्या रोझ बोलमध्ये जावयाच्याच ओहायो स्टेटचे दोन नामांकित झेलकरी, गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे, खेळले नाहीत. त्या रिकाम्या जागेत जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा या पोराने १५ झेलांत ३४७ यार्ड काढले आणि युटाचा ४८ विरुद्ध ४५ असा पराभव झाला. मार्व्हिन हॅरिसन या नवख्याने तीन टचडाउन टिपले. थोरला सरकला म्हणजे धाकट्याला पाट मिळतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. जावई गप्प बसला, कारण तो सामना त्याने प्रत्यक्ष पाहिला होता आणि त्या दिवशी घरभर नाचला होता.

नेहमीच असे गोड घडते असे मात्र नाही. ३० डिसेंबर २०२३ चा ऑरेंज बोल हा या पक्षाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून पुढे करतात, आणि तो मी झाकणार नाही. जॉर्जियाने फ्लॉरिडा स्टेटला ६३ विरुद्ध ३ असे चिरडले. बोलच्या इतिहासात एवढ्या अंतराने कोणी हरले नव्हते. फ्लॉरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू त्या दिवशी मैदानात नव्हते. तिकीट काढून आलेल्या माणसांची ती फसवणूकच झाली.

परंतु ते मैदानात का नव्हते? हा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून आला होता. त्याचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस १८ नोव्हेंबरला एका दुबळ्या संघाविरुद्ध खेळताना पाय मोडून बसला. मग निवड समितीने चार संघांच्या विजेतेपद स्पर्धेतून या अपराजित संघाला वगळले, आणि कारण दिले की ट्रॅव्हिसवाचून हा संघ आता पूर्वीचा राहिलेला नाही! एका पोराने संघासाठी पाय मोडून घेतला, आणि त्याच मोडक्या पायाचे माप लावून त्याच्या सोबत्यांची किंमत कमी केली. त्यानंतर त्या सोबत्यांना, या आता, आमच्या करमणुकीसाठी आपलेही पाय पणाला लावा, असे म्हणायचे! मला त्यांच्या न येण्याचे आश्चर्य वाटत नाही. जे आले त्यांचे वाटते. ट्रॅव्हिसला पुढे न्यूयॉर्क जेट्सने पाचव्या फेरीत घेतले, पण तो पाय सावरलाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये, लीगचा एकही सामना न खेळता, तो निवृत्त झाला.

खुद्द नोटर डेमचे पाहा. १९२५ चा रोझ बोल जिंकल्यावर या विद्यापीठाने चव्वेचाळीस वर्षे बोल सामन्यांना नकारच दिला. १९६९ च्या हंगामापर्यंत ते असल्या निमंत्रणांना हातच लावीत नव्हते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये दहा सामने जिंकूनही विजेतेपदाच्या स्पर्धेत जागा मिळाली नाही, तेव्हा कोणताच बोल खेळणार नाही असे त्यांनी जाहीर केले. ज्या विद्यापीठासाठी जेलन स्मिथने पाऊल गमावण्याची पाळी आणली, त्या विद्यापीठाला मानाची जागा नसेल तर घरी बसण्याची मोकळीक आहे. तीच मोकळीक त्या विद्यापीठातल्या एका मुलाने एकट्याने घेतली, तर त्याला समालोचकाकडून प्रेमाचा दाखला का आणावा लागतो, हे मी जावयाला विचारले. त्यावर त्याने विषय बदलून मला आणखी भात वाढला.